गिटार ठेवली, पेटी उघडली आणि गाणीच बदलली

आधी पत्र देते, थोडं काटछाट करून:

"ताई, मी सत्तावीसचा, कोथरूडला राहतो, नोकरी हिंजवडीत. कॉलेजात फिरोदिया करंडक स्पर्धेच्या वेळी गाणी करायला लागलो, तेव्हापासून सगळं गिटारवर. मराठीत लिहितो. तिघांचा बँड आहे, मी गातो आणि गिटार, एक बेसवाला, एक कहोनवाला (खोक्यावर बसून ताल देतात तो). मागच्या पावसाळ्यात डावं मनगट दुखावलं, डॉक्टर म्हणाले बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबायच्या) बंद, आणि त्याच सुमारास आजोबांची पेटी (हार्मोनियम) माळ्यावरून खाली काढली होती. गिटार बंद म्हणून तिच्यावर बसायला लागलो. आता मनगट बरंय. पण पेटीवर झालेली गाणी भलतीच निघालीयेत, संथ, लांबलचक. बँडवाले म्हणतात, तू एकदम पन्नाशीचा झालास, हे तर भावगीत आहे. आईला मात्र माझं गाणं पहिल्यांदाच आवडलं, त्यामुळे अजून टेन्शन. माझी स्टाईल गेली का? की ती माझी कधी नव्हतीच, गिटारची होती? जुनी गाणी पेटीवर वाजवली तर मेल्यासारखी वाटतात. गिटार विकून स्केल चेंजर (पट्टी सरकवता येते ती पेटी) घ्यावा असं डोक्यात आहे. डिसेंबरात एका कॅफेत कार्यक्रम आहे, तिथे काय वाजवू? दोन रेकॉर्डिंग पाठवतोय, एक गिटारवरचं, एक पेटीवरचं. – गोंधळलेला, कोथरूड"

अरे गोंधळलेल्या,

आईला गाणं आवडलं म्हणून टेन्शन आलं हे वाचून मी जाम हसले, पण ते असू दे, आईकडे नंतर येऊ. दोन्ही रेकॉर्डिंग नीट ऐकली, हेडफोन लावून ऐकली, आणि तू विचारलेल्या बहुतेक गोष्टींची उत्तरं त्यातच पडलीयेत असं माझं मत झालं, त्यामुळे आधी तुझ्या गाण्यांबद्दलच बोलते, स्टाईल वगैरे मोठे शब्द जरा बाजूला ठेवू.

गिटारवालं घेऊ. 'सिग्नल लागला, मेसेज आला, वाचला नाही, हिरवा झाला.' मस्त आहे, सिंहगड रोडवर संध्याकाळी अडकलेल्या कुणालाही कळेल. आता बोलतो तसं म्हणून बघ: सिग्-नल्-लाग्-ला. मे-सेज्-आ-ला. वाच्-ला-ना-ही. हिर्-वा-झा-ला. प्रत्येक तुकड्यात बरोबर चार अक्षरं पडतात आणि तुझा उजवा हात चार वेळा खाली येतो. हे शब्द तू लिहिलेस हे खरं, पण मोजून कापले तुझ्या उजव्या हाताने. स्ट्रमिंग आधी सुरू झालं असणार, मग त्या खटक्यांवर बसतील असे शब्द शोधले असणार, आणि बसणारे शब्द म्हणजे छोटे, जोडाक्षराचे, टणक. लांब स्वर ओढायला जागाच नाही, कारण गिटारची तार छेडली की सूर लगेच विरायला लागतो, मग हात परत मारावा लागतो, आणि हात मारला की नवीन अक्षर मागतो.

चालीकडे बघ आता. ई मायनर, सी, जी, डी असे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सुरांचे गट, फिरतायत आणि त्यावर तू अख्खी ओळ जवळपास एकाच सुरावर म्हटलीयस, जी वर. हा सूर ई मायनरमध्ये आहे, सीमध्ये आहे, जीमध्ये तर आहेच, त्यामुळे खालची जमीन हलत राहते आणि तू वर निवांत बसलेला. डी आला की तेवढा एक पायरी सरकतोस. छान चालतं हे, जगभरातली अर्धी गिटारगाणी अशीच चालतात. पण जुनं गाणं पेटीवर मेल्यासारखं का वाटतं त्याचं कारणही हेच. पेटीवर तू उजव्या हाताने चाल वाजवायला गेलास आणि चालीत वाजवण्यासारखं होतं काय, तर एकच पट्टी, टक टक टक टक. गाण्यातली सगळी हालचाल कॉर्डमध्ये होती, गळ्यात नव्हती. कॉर्ड काढून घेतले की उरतो तो मेसेज वाचणारा माणूस, तोही एका सुरात.

यात गाणं वाईट आहे असं नाही हां. फक्त त्याचा जीव कुठे आहे ते कळलं, आणि ते कळणं फार उपयोगाचं असतं.

पेटीवालं घे. 'गच्चीवरती ऊन उतरले तुझ्या ओढणीएवढे, घडी घालुनी ठेवुन देता उरले बोटाएवढे.' मात्रा मोजल्या होत्यास का लिहिताना? मला वाटत नाही. मी मोजल्या. दोन्ही ओळी सोळा अधिक तेरा. आणि ठेका धरलायस केरव्याचा, आठ-आठ मात्रांचा, म्हणजे उत्तरार्धातही सोळा मात्रा भरायला हव्यात, तेरा झाल्यावर तीन उरतात, त्या तू 'ढे' लांबवून भरल्यास. ऐक परत, ते 'एवढेऽऽ' जिथे जातं तिथे पेटी काय करतेय? काहीच नाही, सूर धरून बसलीये. भात्यात हवा आहे तोवर पेटीचा सूर तसाच्या तसा टिकतो, विरत नाही. तेवढ्यासाठी तुला लांब स्वरावर संपणारा शब्द परवडला. हीच ओळ गिटारवर सुचली असती तर त्या तीन मात्रांच्या रिकाम्या जागेत तुझ्या हाताने दोन स्ट्रम मारले असते, तुला वाटलं असतं इथे पोकळी आहे, आणि तू तिथे अजून एक शब्द कोंबला असतास. बहुतेक 'यार'.

शिवाय तुझी गाण्याची बांधणीच उलटी झालीये, ते बँडवाल्यांना जाणवलंय पण सांगता आलेलं नाही. गिटारवर तू कडवं खाली बोलल्यासारखं म्हणतोस आणि कोरसला वर चढून 'हिरवा झाला, हिरवा झाला' ओरडतोस, म्हणजे लोकांना लक्षात राहणारा भाग उंचावर. पेटीवर नेमकं वेगळं झालंय, ध्रुवपद मध्य सप्तकाच्या खालच्या अर्ध्या भागात, अंतरा पंचमापासून (प पासून) निघून तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला, जाऊन येतो आणि परत उतरून ध्रुवपदावर टेकतो. ही आपल्याकडची जुनी वाट, लहानपणापासून कानावर पडलेली. आणि त्यात पट्टीचाही, म्हणजे सा कुठे धरलास त्याचाही, हात आहे. तू पेटीवर पांढरी एक (गिटारवाल्यांचा सी) धरलीयस, कारण नवशिक्याला ती सोपी, सगळे शुद्ध सूर पांढऱ्या पट्ट्यांवर मिळतात. तिथे तुझा सा बराच खाली येतो, खाली सुरुवात केली की वर जायला मोकळं अख्खं सप्तक मिळतं आणि अंतरा आपोआप चढतो. गिटारवर तू जीमध्ये गातोस, तिथे तुझा सा आवाजाच्या बरोबर मध्यावर, त्याच्या आजूबाजूला तीन-चार सुरांत गाणं संपतं. इतकी साधी गोष्ट आहे, पट्टी बदलली, गळ्याची जागा बदलली, गाण्याचा आकार बदलला, आणि तू रात्री जागून विचार करतोयस की मी कोण.

मग बँडवाले बरोबर आहेत का? अर्धे.

पेटी म्हणजे संथ, पेटी म्हणजे भावगीत हे त्यांच्या डोक्यात बसलंय ते खोटं आहे. कव्वाली ऐकवा त्यांना. दोन-दोन पेट्या, टाळ्या, आणि लय अशी चढते की रॉकवाल्यांनी घाम पुसावा. ते लांब वाटत असेल तर आषाढीच्या आधी कुठल्याही भजनी मंडळात जाऊन बसा, पखवाज आणि टाळ यांच्या मधोमध पेटीवाला भात्याला असे झटके देत असतो की ते तालवाद्यच होऊन जातं. १९११ साली रंगभूमीवर आलेल्या 'मानापमान'ला चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः नावाजलेले पेटीवादक, आणि त्या पदांना संथ म्हणायची कुणाची टाप नाही. आणि पेटी जुनाट आणि गिटार मॉडर्न असं जे काही आहे ना, तर पेटीही मूळची बाहेरचीच, १८४० च्या दशकातली, पॅरिसची, पायाने भाता मारून खुर्चीवर बसून वाजवायची. ती खाली बसून एका हाताने भाता मारायची झाली ती इकडे, कोलकात्यात. दोन्ही पाहुणे, एक जरा आधी आला एवढंच.

तर संथपणा पेटीने आणला नाही, तू आणलास. का आणलास तेही सांगते. एकतर हात नवा आहे, बोटं पट्ट्या शोधत शोधत जातात, म्हणून एकेक सूर टेकत टेकत चाल पुढे सरकते, उड्या नाहीत. दुसरं, तू एकटा बसून केलीस ही गाणी, समोर कहोनवाला नव्हता. आणि तिसरं म्हणजे कान. पेटीचा आवाज निघाला की तुझ्या कानात लहानपणी घरात लागणारा रेडिओ सुरू होतो, आजोबा, दुपार, सगळं. गिअरची बाईक सोडून अ‍ॅक्टिव्हावर बसलं की डावा पाय काही दिवस उगाच गिअर शोधत राहतो, तसं तुझं गिटारवरचं काही इथे आलंच नाही आणि पेटीवरचं जे जुनं ऐकलेलं होतं तेच आपसूक हाताखाली आलं. पण मग प्रामाणिकपणे हेही मान्य कर की ई मायनर, सी, जी, डी हे तरी तुझं कुठे होतं? तेही कुठल्यातरी हॉस्टेलच्या खोलीत कुणीतरी दाखवलेलं, हाताला सोपं, कानाला ओळखीचं. म्हणजे आधी एका वाद्याची ठरलेली वाट चालत होतास, आता दुसऱ्याची चालतोयस. पहिली जुनी झाल्यामुळे स्वतःची वाटायला लागली होती.

'स्टाईल माझी की गिटारची' या प्रश्नावर मला थोडं थांबायचंय, कारण पत्रातली खरी कळकळ तिथे आहे.

दोन्ही गाणी शेजारी ठेव आणि शब्द वाच, सूर विसर. पहिल्यात एक मेसेज आलाय, वाचला नाही, सिग्नल हिरवा झाला, संपलं. कुणाचा मेसेज, का नाही वाचला, भांडण झालंय का, काही सांगितलेलं नाही. दुसऱ्यात ऊन ओढणीएवढं, मग बोटाएवढं. कोण गेलं, कधी गेलं, नाही सांगितलं. दोन्हीत तू दुखणाऱ्या गोष्टीचं नावच घेत नाहीस, तिच्या शेजारची एखादी वस्तू घेतोस आणि ती मापतोस, सिग्नलचा वेळ, उन्हाची रुंदी. आणि दोन्हीत ओळ अशा जागी सोडतोस की ऐकणाऱ्याला पुढचं स्वतः भरावं लागतं. हे ना स्ट्रमिंगमधून आलं ना भात्यातून. वाद्य बदलल्यावरही हे टिकलं, म्हणून मी म्हणते हे तुझं. बाकी लय, लांबी, कुठे चढायचं, किती शब्द, हे सगळं हातातल्या वस्तूप्रमाणे बदलणार, बदलू दे ना.

हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. जोनी मिचेलचं बघ, कॅनडाची, गाणी लिहिणाऱ्यांच्या पिढ्या तिला मानतात. नऊ वर्षांची असताना, १९५३ मध्ये, तिला पोलिओ झाला, डावा हात कमजोर राहिला, नेहमीचे कॉर्ड धरायला त्रास, म्हणून तिने गिटारच्या ताराच वेगळ्या लावायला सुरुवात केली, उघड्या तारा छेडल्या तरी सुंदर कॉर्ड वाजेल अशा. पुढे तिच्याकडे अशी पन्नासहून जास्त ट्युनिंग झाली. तिचे कॉर्ड इतरांपेक्षा वेगळे, अधांतरी का वाटतात याचं मोठं कारण तो दुखरा हात. आणि तेवढ्यावर न थांबता १९७१ च्या तिच्या अल्बमवर काही गाणी पियानोवर आहेत, काही डल्सिमर नावाच्या मांडीवर घेऊन वाजवायच्या वाद्यावर, काही गिटारवर, आणि तिन्ही प्रकारची गाणी वेगवेगळ्या अंगाची आहेत पण बाई तीच आहे हे पहिल्या ओळीत कळतं. तुझं मनगट दुखलं म्हणून तुझ्या हाती पेटी आली यात मला तरी काही वाईट झालेलं दिसत नाही.

तुझ्या बँडवाल्यांसाठी त्यांच्याच जातकुळीचं उदाहरण. आर्क्टिक मंकीज माहीत असतीलच, गिटारचा धडाका. त्यांच्या अ‍ॅलेक्स टर्नरला तिसाव्या वाढदिवसाला मॅनेजरने पियानो भेट दिला, हा पठ्ठ्या त्याच्यावर बसून लिहायला लागला आणि २०१८ मध्ये जो अल्बम आला तो आरामात पसरलेला, हॉटेलच्या लाउंजमध्ये बसून स्वतःशी बडबडल्यासारखा. फॅन लोकांत उभे दोन तट. काहींना वाटलं संपला हा, काहींना तोच सगळ्यात जास्त आवडतो. तू पण हेच गृहीत धरून चाल, जुन्या ऐकणाऱ्यांपैकी काही जण तोंड वाकडं करणार. कॅफेतली मंडळी आहेत, करू देत.

स्केल चेंजरचं विचारलंयस म्हणून एक गंमत सांगते. अमेरिकेत अर्व्हिंग बर्लिन नावाचा गीतकार-संगीतकार होऊन गेला, हजाराच्या वर गाणी केली, आणि हा माणूस पियानो जवळपास फक्त काळ्या पट्ट्यांवर वाजवायचा, एफ शार्पमध्ये, म्हणजे आपली काळी तीन. दुसरी पट्टी हवी असली की पियानोला बसवलेली एक दांडी सरकवायचा, बोटं तिथल्या तिथे आणि सूर बदललेले. थोडक्यात स्केल चेंजरच. म्हणजे एकाच पट्टीत बोटं अडकली तरी आयुष्यभर पुरेल एवढं काम निघू शकतं, ही एक बाजू. पण तुझ्या बाबतीत मला उलटं वाटतं. तुझी आत्ताची अडचणच ही आहे की तू सगळं पांढरी एकमध्ये करतोयस, स्केल चेंजर घेतलास तर बोटं कायमची पांढरी एकमध्ये राहतील आणि फक्त आवाज वर-खाली होईल. त्यापेक्षा आजोबांच्याच पेटीवर पांढरी दोन धर, ग आणि नी काळीवर जातील, बोटं गडबडतील, गडबडू देत. बोटं चुकली की चाल अशा जागी जाते जिथे ती नेहमी जात नाही. किंवा काळी एकला बसव, तुझ्या आवाजाला ती बहुतेक बरी पडेल आणि गिटारवर पहिल्या फ्रेटला कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून सी वाजवलास की तीच पट्टी मिळते.

पेटीच्या एका खोडीबद्दल मात्र सावध करते. दोन पट्ट्यांच्या मध्ये तिच्याकडे काहीच नाही. मींड नाही, सूर ओढून नेता येत नाही. यासाठीच तर आकाशवाणीने १९४० पासून तिला दाराबाहेर उभं केलं होतं, १९७१ मध्ये कुठे ती बंदी सैल झाली. बंदी घालणारे जरा जास्तच सोवळे होते असं माझं मत, पण त्यांची तक्रार खोटी नव्हती. तुझ्या दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं ते, तू पेटी आधी वाजवतोस आणि गळा तिच्या मागून जातो, त्यामुळे गळाही पायऱ्या-पायऱ्यांनी चढतो. 'ओढणी' या शब्दावर आवाज मस्त घसरत आला असता, पण खाली पट्टी दाबलेली असल्यामुळे तू तिथे थबकलास. आधी गा, मग पट्टी शोध, हा क्रम ठेव. खरं तर चाल लावताना पेटी आणि गिटार दोन्ही दूर ठेवलीस तर उत्तम, मोबाईलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप लाव आणि वेताळ टेकडीवर जा सकाळी. तिथे मोठमोठ्याने हसणारे, स्वतःशी बोलणारे, उलटं चालणारे सगळे असतात, तू गायलास तर कुणी ढुंकून बघणार नाही. सुचलं की फोनमध्ये टाक, घरी येऊन कुठल्या वाद्यावर बसतंय ते बघ.

आणि आता जे करून बघावंसं वाटतं ते. सिग्नलवालं पेटीवर करायचं असेल तर चाल वाजवू नकोस, सोडून दे तो नाद. डाव्या हाताने भात्याला छोटे झटके दे, चार-चारचे, उजव्याने नुसते सा-प धरून ठेव, आणि तू एका सुरात बोलत राहा, कॉर्ड बदलायचं काम बेसवाल्याला दे. तो बिचारा तीन वर्षं तुझ्या मूळ सुराच्या मागे फिरतोय, त्याला काहीतरी करायला मिळेल. सगळं ऐकताना मला वाटलं हे गाणं असं केलं तर जरा भयानकच चांगलं होईल, भजनाच्या चालीवर ट्रॅफिकचं गाऱ्हाणं.

उन्हाचं गाणं गिटारवर घ्यायचं तर नेहमीचे कॉर्ड त्याला लावू नकोस प्लीज, तुझ्या बेसवाल्याने मला वेगळ्या पाठवलेल्या व्हर्जनमध्ये लावलेत तसे, दर दोन शब्दांनी कॉर्ड बदलल्यामुळे त्या 'एवढे'ची पार वाट लागलीये. त्याऐवजी गिटार वेगळी लाव. सहावी, दुसरी आणि पहिली, या तीन तारा एकेक पूर्ण सूर (दोन फ्रेटइतक्या) खाली उतरव. डी ए डी जी ए डी असं होईल, म्हणजे पांढरी दोनला सा धरलास तर सा प सा म प सा. तानपुऱ्यासारखं काहीतरी मांडीवर आल्यासारखं वाटेल, उघड्या तारा घुमत राहतील आणि वर एका-दोन बोटांनी चाल फिरवता येईल. बार कॉर्डची गरज नाही, मनगटालाही सोपं. आणि मनगटाबद्दल म्हणशील तर 'आता बरंय' हे तुझं म्हणणं आहे की डॉक्टरांचं, ते एकदा विचारून घे, गिटारवाले या बाबतीत स्वतःशी बिनदिक्कत खोटं बोलतात.

डिसेंबरचं. गिटारची एक आणि पेटीची एक अशी आलटून पालटून गाणी लावू नकोस, दर वेळी उठायचं, बसायचं, माईक खाली-वर, लोकं तोपर्यंत कॉफी मागवतात आणि मग ग्राइंडरचा आवाज. पेटीवाली सलग तीन कर, सुरुवातीला, सगळे खाली बसून, कहोनवाल्यालाही काठीने न वाजवता हातानेच वाजवू दे. मग उठा आणि गिटार. सुरुवातीलाच पेटी दिसली की लोकांना कळतं आज काय आहे, मधेच काढली तर 'आता भजन का' असे चेहरे होतात. बँडला समजवायला बसू नकोस, 'ही माझी नवीन दिशा' वगैरे भाषण तर अजिबात नको. नुसतं म्हण, उन्हाच्या गाण्यात कडव्यांच्या मध्ये आठ मात्रा मोकळ्या ठेवल्यात, त्यात काय करायचं ते तुम्ही ठरवा. माझा अंदाज आहे की त्यांना गाणं संथ झाल्याचा राग नाहीये, त्यात त्यांना काही काम उरलं नाही याचा आहे. पेटी, गाणं, ठेका सगळं एकटाच भरून टाकलंयस तू.

एक व्यवहाराची गोष्ट, दोन्ही वाद्यं एकत्र वाजवणार असाल तर गिटार आणि बेस पेटीला मिळवून घ्या, उलटं नाही. जुनी पेटी आजच्या ट्यूनरच्या आकड्याला बरोबर असेलच असं नाही, आणि पेटीचा सूर बदलायचा म्हणजे आतली पत्ती खरवडावी लागते, ते तुझं काम नव्हे. गिटारच्या खुंट्या पिळायला दोन मिनिटं लागतात. बेसवाल्याच्या त्या व्हर्जनमध्ये मागे जी लाट-लाट ऐकू येते ना, वाँव वाँव, ते याचमुळे.

गिटार विकायची नाही. विकून जे पैसे येतील त्यात चांगला स्केल चेंजर येतही नाही आणि सहा महिन्यांनी परत गिटार घेशील, यावेळी महागाची. आणि आईला उन्हाचं गाणं आवडलं तर तिला विचार नेमकं काय आवडलं. 'चाल' म्हणाली तर ठीक आहे, तो रेडिओ तिच्याही कानात आहे. पण 'ते ओढणीचं' म्हणाली, तर तिला सिग्नलवालं गाणंही शब्द वाचायला दे, गिटार न वाजवता, आणि मला कळव काय म्हणते ते.

– ताई

ता. क. पेटी परत माळ्यावर टाकू नकोस. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पट्ट्या दाबल्या की तिथेच अडकून बसतात, तू लिहिलंयस ना की वरचा ग कधीकधी वाजतच राहतो, ते बहुतेक तेच. जोर लावून पट्टी उचकटायच्या भानगडीत पडू नकोस, पेठेत पेटी दुरुस्त करणारे आहेत, त्यांच्याकडे ने, आणि नेलीसच आहे तर भाता कुठे गळतोय का तेही बघायला सांग, रेकॉर्डिंगमध्ये तुझ्या 'ढे'च्या मागे फुस्स ऐकू येतंय.